चेंडूचें डावें-उजवें वळण

गॉल्फ हा खेळ दुरून पाहणाराला फार सोपा वाटतो. क्रिकेटमध्यें चेंडू अंगावर चालून येतो, टेनिसमध्यें तो खेळाडूला पळावयास लावतो. येथें तो बिचारा गवतावर किंवा लहानशा खुंटीवर स्वस्थ बसलेला असतो. घाई नाहीं, समोर गोलंदाज नाहीं. आपल्या सवडीनें उभें राहावें, काठी उचलावी आणि टोला मारावा, एवढेंच काम. असें असूनहि माणसाला इतका मनस्ताप देणारा दुसरा मैदानी खेळ क्वचितच सांपडेल. पैसा, फुरसत व हौस या तिन्ही गोष्टी अनुकूल असलेलीं माणसें वर्षानुवर्षें शिकवणी घेतात, नवनव्या काठ्या विकत आणतात, आणि तरीहि त्यांचा चेंडू थोडा समोर जाऊन मग उजवीकडे वळतो व झाडींत नाहींसा होतो. कित्येकजण अखेर कंटाळून खेळच सोडून देतात.

या मंडळींच्या दुःखाचें मूळ त्यांच्या हातापायांत फारसें नसतें. तें त्यांच्या समजुतींत असतें. चेंडू सरळ जावा म्हणून ते जो उपाय करतात, त्याच उपायानें तो अधिक वांकडा जातो. असें कां व्हावें, आणि ज्याला तें कळलें तो तोच चेंडू मनांत येईल तेव्हां डावीकडे व मनांत येईल तेव्हां उजवीकडे कसा वळवूं शकतो, हें आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे. श्रोत्यांपैकीं बहुतेकांनीं हा खेळ प्रत्यक्ष खेळला नसेल. त्यानें अडणार नाहीं. खेळ आपल्या देशाला नवखाहि नाहीं : कलकत्त्याचा गॉल्फ क्लब १८२९ सालचा असून ब्रिटिश बेटांबाहेर इतका जुना क्लब दुसरा नाहीं, मुंबईकर साहेबलोकांनीं आपला क्लब १८४२ सालीं काढला, आणि चेंबूरचा क्लब १९२७ पासूनचा आहे.

ज्यांनीं गॉल्फची काठी कधीं हातांत धरली नसेल त्यांनीं घरांतील वळलेल्या मुठीची छत्री उलटी धरावी, म्हणजे मूठ जमिनीकडे येईल. त्या मुठीच्या जागीं धातूचें एक डोकें आहे व त्या डोक्याची एक बाजू सपाट आहे अशी कल्पना करावी. ही सपाट बाजू चेंडूला भिडते. तिला आपण काठीचें मुख म्हणूं. खेळाडू लक्ष्याकडे तोंड करून उभा राहत नाहीं. त्याचा डावा खांदा लक्ष्याकडे असतो. काठी उजव्या अंगानें मागें व वर जाते, मोठ्या झोक्यानें खालीं येते, चेंडू उडविते आणि डाव्या खांद्यावर जाऊन थांबते. या सबंध क्रियेला स्विंग हें नांव आहे. आतां पुढें जें सांगेन तें उजव्या हातानें खेळणाराला धरून सांगेन. डावखुऱ्यांनीं सर्व उलट समजावें.

चेंडूला काठी लागते त्या क्षणीं दोन गोष्टी पाहावयाच्या असतात. एक, मुख कोणीकडे पाहत आहे. दुसरी, काठीचें डोकें कोणत्या वाटेनें चाललें आहे. या दोन गोष्टी एकच नव्हेत, हें ध्यानांत ठेवणें फार अवश्य आहे. ओढ असलेल्या नदींत नावेचें नाक पैलतीराकडे असतें, पण नाव वाहत असते खालच्या अंगाला. तसेंच कांहींसें येथें घडतें. छत्री हातांत असेल तर मूठ किंचित् उजवीकडे फिरवून छत्री मात्र डावीकडे झुलवून पाहावी, म्हणजे शब्दांनीं जें सांगतां येत नाहीं तें हाताला कळेल. मुख आपल्या वाटेच्या उजवीकडे पाहत असेल तर तें उघडें आहे असें गॉल्फवाले म्हणतात, आणि डावीकडे पाहत असेल तर मिटलेलें आहे असें म्हणतात. उघड्या मुखानें उडालेला चेंडू उजवीकडे वळतो. तो सौम्यपणें वळला तर त्याला फेड म्हणतात, आणि भलताच वळला तर स्लाइस. मिटलेल्या मुखानें चेंडू डावीकडे वळतो. सौम्य वळणाला ड्रॉ व आडदांड वळणाला हुक हीं नांवें आहेत. नवशिक्यांपैकीं बहुसंख्य लोकांचा रोग स्लाइस हा होय.

चेंडू हवेंत वळतोच कां? न्यूटननें १६७२ सालीं प्रकाश व रंग यांविषयीं लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रांत ओघानें एक निरीक्षण नोंदविलें आहे. तिरप्या धरलेल्या रॅकेटनें मारलेला टेनिसचा चेंडू वांकडी रेघ काढीत जातो हें त्यानें पाहिलें होतें, आणि चेंडूची फिरकी हें त्याचें कारण त्यानें ओळखलें होतें. पुढें बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज तोफशास्त्रज्ञानें बंदुकीच्या गोळ्या अशाच बहकतात हें दाखविलें. त्यानें बंदुकीची नळी टोंकाजवळ डावीकडे वांकविली. गोळी निघाली डावीकडे, पण पुढें उजवीकडे वळली, कारण नळीच्या उजव्या बाजूला घासत आल्यामुळें तिला तशी फिरकी मिळाली होती. १८५२ सालीं जर्मनीच्या माग्नुसनें या परिणामाचा प्रयोगानें अभ्यास केला व त्याचें नांव त्याला चिकटलें. फिरणारा चेंडू आपल्या भोंवतालची हवा एका अंगाला ढकलतो, आणि हवा त्याला उलट अंगाला ढकलते, असें त्याचें सार आहे.

गॉल्फला हें शास्त्र लावून दाखविण्याचें श्रेय एडिंबरोच्या पीटर गथ्री टेट या प्राध्यापकाला आहे. त्याचा मुलगा फ्रेडी हा १८९६ व १८९८ सालचा हौशी खेळाडूंचा विजेता. दुर्दैवानें तो १९०० सालीं बोअर युद्धांत मारला गेला. टेटनें चेंडूचे फेरे मोजण्यास काढलेली युक्ति मोठी गमतीची आहे. त्यानें चेंडूला एक लांब सपाट फीत बांधली, फितीचें दुसरें टोंक जमिनीला अडकविलें, आणि चांगल्या खेळाडूकडून तो चेंडू थोड्या अंतरावरील ओल्या मातीच्या भिंतीवर मारविला. मग फितीला किती पीळ पडले ते मोजले. गॉल्फचा चेंडू उडतो तेव्हां तो मागच्या बाजूला फिरत असतो, आणि ही मागची फिरकी त्याला हवेंत उचलून धरते, हें त्यानें सिद्ध केलें. तोंपर्यंत खेळाडूंची समजूत अशी कीं, फिरकी हा सर्वस्वी दोषच होय. आजच्या मोजमापाप्रमाणें सर्वांत लांब पल्ल्याच्या काठीनें, म्हणजे ड्रायव्हरनें, पट्टीच्या खेळाडूनें मारलेला चेंडू मिनिटाला सुमारें अडीच हजार फेरे घेतो, तर मधल्या पल्ल्याच्या लोखंडी काठीनें मारलेला सुमारें सात हजार.

खेळाडूंनीं मात्र शास्त्राची वाट न पाहतां एक शोध आधींच लावून ठेवला होता. १८४८ च्या सुमारास पिसें भरलेल्या कातडी चेंडूच्या जागीं गटापर्चाचा गुळगुळीत चेंडू आला. नवा कोरा असतांना तो नीट उडेना, आणि काठीचे घाव बसून खडबडीत झाला कीं छान उडूं लागे! तेव्हां लोक नवे चेंडू हातोडीनें ठोकून घेऊं लागले. आजच्या चेंडूवर ज्या खळ्या दिसतात त्यांचें पेटंट विल्यम टेलरनें १९०५ च्या सुमारास घेतलें, पण त्यांचा उगम त्या हातोडींत आहे.

आतां एक बारीक गोष्ट. चेंडू डावीकडे किंवा उजवीकडे वळतो तेव्हां त्याला मागची फिरकी व बाजूची फिरकी अशा दोन निरनिराळ्या फिरक्या असतात, असें पुष्कळदां सांगितलें जातें. चेंडू एका वेळीं एकाच आंसाभोंवतीं फिरूं शकतो. मुख आणि मार्ग एका रेषेंत असले तर तो आंस आडवा, जमिनीला समांतर असतो, आणि फिरकीचा सगळा जोर चेंडूला वर उचलण्याकडे लागतो. दोहोंत अंतर पडलें कीं तो आंस एका बाजूला कलतो, आणि उचलण्याचा जोरहि त्याबरोबर कलतो. आकाशांत घार घिरट्या घालते तेव्हां ती एक पंख किंचित् खालीं करते. पंख हलवीत नाहीं, तरी सारी घार त्या बाजूला वळत जाते. चेंडूचें वळण तसेंच आहे. मुख मार्गाच्या उजवीकडे उघडें असेल तर चेंडूची घार उजवीकडे कलते, मिटलेलें असेल तर डावीकडे.

चेंडू वळतो कां, हें झालें. तो निघतो कोणत्या दिशेनें, हा दुसरा प्रश्न आहे, आणि खरी गोम येथेंच आहे. चेंडू व काठी यांचा स्पर्श सुमारें अर्ध्या सहस्रांश सेकंदापुरता असतो. तेवढ्या वेळांत डोळा कांहीं पाहूं शकत नाहीं व हात कांहीं दुरुस्त करूं शकत नाहीं. म्हणून पिढ्यान् पिढ्या शिक्षक असें सांगत आले कीं, चेंडू काठीच्या मार्गाच्या दिशेनें निघतो आणि मग मुख जिकडे असेल तिकडे वळतो. नामांकित खेळाडूंच्या पुस्तकांतहि हाच नियम छापलेला आढळतो. ऐकावयास तो अगदीं सयुक्तिक वाटतो, पण तो खरा नाहीं. १९६८ सालीं कॉक्रन व स्टॉब्स या दोघांनीं ब्रिटनमधील संशोधनाच्या आधारें जो ग्रंथ लिहिला त्यांत याच्या उलट निष्कर्ष होता. परंतु मैदानावरच्या शिक्षकांना तो फारसा पटला नाहीं. या शतकाच्या पहिल्या दशकांत चेंडूचा पाठलाग करणारीं रडार-यंत्रें सरावाच्या मैदानांवर आलीं तेव्हां वाद मिटला. चेंडूची आरंभींची दिशा शेंकडा ७५ ते ८५ हिस्सा मुखानें ठरते. मार्गाचा वांटा उरलेला. लोखंडी काठ्यांत मार्गाचा वांटा थोडा अधिक, ड्रायव्हरमध्यें थोडा कमी.

यानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. एक उदाहरण घेऊं. खेळाडूपासून शंभर यार्डांवर, बरोबर भोंकाच्या रेषेंत, एक झाड आहे व त्याचा विस्तार दहा यार्ड रुंद आहे. चेंडू झाडाच्या उजवीकडून काढून डावीकडे वळवावयाचा आहे. जुन्या पुस्तकाप्रमाणें खेळाडू मुख भोंकाकडे ठेवतो आणि काठी आठ अंश उजवीकडे फिरवितो. त्याची कल्पना अशी कीं, चेंडू आठ अंश उजवीकडे निघेल, म्हणजे झाडापाशीं पोंचेतों तो चौदा यार्ड बाजूला असेल. प्रत्यक्षांत मार्गाचा वांटा पावच असल्यामुळें तो दोनच अंश उजवीकडे निघतो. शंभर यार्डांवर हे साडेतीन यार्ड होतात, आणि त्यांतहि तो डावीकडे वळूं लागलेला असतो. चेंडू थेट झाडाच्या पोटांत! खेळाडू समजतो कीं आपला हात चुकला. वास्तविक हातानें पुस्तकाबरहुकूम काम केलें होतें. त्यानें मुखच झाडाच्या उजव्या बाजूला रोंखावयास पाहिजे होतें, आणि काठीचा मार्ग त्याहूनहि अधिक उजवीकडे न्यावयास पाहिजे होता.

मग हीं पुस्तकें लिहिणारे विजेते तरी चेंडू कसा वळवीत? ते तो बरोबर वळवीत, पण सांगत चूक. हजारों चेंडू मारून त्यांच्या हाताला जें उमगलें होतें तें त्यांच्या जिभेला उमगलें नव्हतें. आपल्याकडच्या एखाद्या बुजुर्ग गवयाला तान कशी घेतां म्हणून विचारलें तर तो जें उत्तर देईल तें शरीरशास्त्राला धरून असेलच असें नाहीं; तान मात्र निर्दोष असते. गुरूच्या समोर बसून शिकणाराचें यांत कांहीं बिघडत नाहीं, कारण तो पाहून शिकतो. जो केवळ पुस्तक वाचून शिकतो त्याचा घात होतो.

आतां स्लाइसच्या रोग्याकडे वळूं. त्याचा चेंडू उजवीकडे जातो. हें पाहून तो काय करतो? पुढच्या वेळीं तो थोडा डावीकडे रोंख धरतो आणि काठीहि डावीकडे ओढतो. किती स्वाभाविक! परंतु मुख होतें तेथेंच राहतें आणि मार्ग आणखी डावीकडे जातो, म्हणजे दोहोंमधील अंतर वाढतें, घार अधिक कलते, आणि चेंडू पूर्वींहून अधिक उजवीकडे वळतो. तेव्हां तो आणखी डावीकडे ओढतो. असें करतां करतां कांहीं महिन्यांत त्याच्या खांद्यांना बाहेरून आंत तोडण्याची अशी संवय जडते कीं ती सोडविणें एखाद्या व्यसनासारखें कठीण होऊन बसतें. या माणसाला बुद्धि नाहीं असें नाहीं. उलट त्याची बुद्धि प्रत्येक टोल्यागणिक योग्य वाटेल तेंच करीत असते. पण ज्या नियमावर ती चालते तो नियम उलटा आहे.

यावर इलाज आधीं मुखाचा करावा, मार्गाचा नंतर; माझ्या मतें हा क्रम महत्त्वाचा आहे. काठी धरल्यावर खालीं पाहिलें असतां डाव्या हाताच्या मुठीचीं दोन, क्वचित् तीन हाडें दिसावींत इतका तो हात दांड्यावर उजवीकडे फिरवून ठेवावा, आणि उजवा हात त्याला जुळता ठेवावा. या पकडीनें मुख आपोआप मिटूं लागतें. पहिल्या दिवशीं चेंडू भयंकर डावीकडे जाईल, कारण मार्ग अद्याप डावीकडचाच आहे. घाबरूं नये, हें सुचिन्ह आहे. जी उपजत बुद्धि आजवर चेंडू उजवीकडे जातो म्हणून काठी डावीकडे ओढीत होती, तीच आतां चेंडू डावीकडे जातो म्हणून काठी उजवीकडे नेऊं लागेल, आणि ह्या वेळीं ती बरोबर असेल. मदतीला चेंडूच्या पलीकडच्या अंगास, किंचित् मागें, एक रिकामें पुठ्ठ्याचें खोकें ठेवावें. काठी बाहेरून आंत आली तर खोकें उडेल. काठी खालीं आणण्याचा आरंभ खांद्यांनीं न करतां कमरेच्या वळणानें केला तर खोकें शाबूत राहतें. इंग्लंडचे जॉन जेकब्स या विख्यात शिक्षकांची सारी पद्धति अशी होती कीं, विद्यार्थ्याचा चेंडू कसा उडतो तें आधीं पाहावें, त्यावरून आघाताच्या क्षणीं काय झालें तें ओळखावें, आणि मगच त्याच्या हातापायांना हात लावावा.

असें निदान न करतां दुसऱ्याचें औषध घेतल्यानें काय होतें, याचें उदाहरण म्हणून बेन होगनची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९१२ सालीं टेक्सासमध्यें एका लोहाराच्या घरीं जन्मलेला हा मुलगा लहानपणीं दुसऱ्यांच्या काठ्या वाहून चार पैसे मिळवी. शरीरानें लहान, पण टोला जबरदस्त. त्याचा रोग स्लाइसच्या उलट, म्हणजे हुक हा होता. ऐन कसोटीच्या वेळीं चेंडू सुतार पक्ष्यासारखा खालच्या पट्टींत झपाट्यानें डावीकडे घुसे. १९३० सालीं तो व्यावसायिक झाला, आणि एकट्याच्या बळावर पहिली व्यावसायिक स्पर्धा जिंकण्यास १९४० साल उजाडलें. मधल्या काळांत त्याच्या खिशांतील पैसे अनेकदां संपले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चेंडू मारून, १९४६ च्या सुमारास त्याला उपाय सांपडला. त्यानें डावा हात दांड्यावर डावीकडे फिरविला व अंगठा जवळजवळ वर आणला, आणि काठी मागें जाऊन पूर्ण वर गेली असतां डावें मनगट तो किंचित् मागें वांकवूं लागला. या दोन युक्त्यांनीं मुख उघडें होतें. मग हातांचा जोर कितीहि लावला तरी चेंडू डावीकडे बहकण्याची भीति राहिली नाहीं; तो उंच जाऊन शेवटीं हलकेच उजवीकडे झुके.

२ फेब्रुवारी १९४९ रोजीं त्याच्या मोटारीवर एक बस आदळली. पत्नीला वांचविण्यासाठीं त्यानें आपलें अंग तिच्यावर टाकलें व त्यामुळें त्याचाहि जीव वांचला. तो पुन्हां चालेल कीं नाहीं याची शंका होती. सोळा महिन्यांनीं, १९५० च्या जून महिन्यांत, पायांना पट्ट्या गुंडाळून त्यानें मेरियन येथें अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९५३ सालीं त्यानें तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि एकंदर त्याच्या नांवावर अशा नऊ आहेत. १९५५ सालीं त्यानें आपलें गुपित एका अमेरिकन साप्ताहिकांतून प्रसिद्ध केलें, आणि त्याबरोबरच स्पष्ट बजावलें कीं, कच्च्या खेळाडूनें हें केलें तर त्याचा नाश होईल. लोकांनीं गुपित तेवढें उचललें व इशारा विसरले. विचार करून पाहा : होगनचा उपाय मुख उघडण्याचा होता. ज्यांचें मुख आधींच उघडें, त्या लाखों स्लाइसवाल्यांनीं जगांतील थोर खेळाडूची पकड म्हणून नेमकी तीच पकड उचलली! ज्याला थंडी वाजते त्यानें तापकऱ्याच्या कपाळावरची ओली पट्टी आपल्या कपाळावर ठेवावी, तसा हा प्रकार झाला.

बरें, होगनचें उजवें वळण हेंच श्रेष्ठ, असेंहि नाहीं. दक्षिण आफ्रिकेचा बॉबी लॉक प्रत्येक टोला उजवीकडे रोंखून डावीकडे वळवीत असे, आणि त्यानें ब्रिटनची खुली स्पर्धा चार वेळां जिंकली. उलट जॅक निक्लॉसचा ओढा उजव्या वळणाकडे होता, आणि मोठ्या स्पर्धांतील त्याचे अठरा विजय हा आजहि उच्चांक आहे. प्रत्येकाच्या अंगाला एक वळण सोयीचें असतें. रोजच्या खेळाला तेंच पुरतें. दुसरें वळण शिकावयाचें तें अडल्या वेळेसाठीं, आणि त्याहून अधिक म्हणजे आपलें पहिलें वळण ताब्यांत राहावें म्हणून. जो दोन्हीकडे वळवूं शकतो त्याला आपला बिघाड कोठें झाला तें चेंडू जमिनीवर पडण्यापूर्वींच कळतें.

शिकण्याची रीति अशी. मधल्या पल्ल्याची लोखंडी काठी घ्यावी. लक्ष्याच्या रेषेंत आपल्यापुढें दहा पावलांवर एक उंच कांठी रोंवावी. डावें वळण हवें असेल तर पाय व खांदे रोंवलेल्या कांठीच्या बरेच उजवीकडे करून उभें राहावें, आणि मुख त्या दोहोंच्या मधोमध ठेवावें, म्हणजे अंगाच्या रोंखाच्या डावीकडे पण लक्ष्याच्या उजवीकडे. मग आपल्या अंगाच्या रोंखानें नेहमींचाच स्विंग करावा. चेंडू रोंवलेल्या कांठीच्या उजवीकडून निघाला व परत आला तर दोन्ही गोष्टी साधल्या. उजवीकडून निघाला पण परत आला नाहीं, तर मुख मार्गाच्या फार जवळ होतें. डावीकडूनच निघाला, तर मुख लक्ष्याच्या पलीकडे मिटलें. उजवें वळण हवें असेल तर हेंच सर्व आरशांत पाहावें. आरंभीं कमरेपर्यंतच काठी न्यावी. पूर्ण ताकदीच्या टोल्यांत शिकण्यासारखें कांहीं हातीं लागत नाहीं. मनगटें मुद्दाम पिळण्याचा मोह होतो, तो टाळावा. अर्ध्या सहस्रांश सेकंदाचें काम मनगटाला आयत्या वेळीं सांगून होत नसतें. तें आधीं पकडींत व उभें राहण्यांत करून ठेवावें लागतें.

दोन्ही वळणांचा स्वभाव निराळा असतो. डावीकडे वळविण्यासाठीं मुख मिटलें कीं त्याचा वरचा कलहि थोडा कमी होतो. म्हणून तो चेंडू खालून जातो आणि पडल्यावर पुष्कळ घरंगळतो. उजवीकडचा चेंडू उंच जातो व लवकर थांबतो. तेव्हां हिरवळीच्या कडेला पाणी असेल तर उजवें वळण बेताचें, आणि लांब कोरड्या उतारावर डावें फायद्याचें. ज्या काठ्यांचें मुख आकाशाकडे अधिक कललेलें असतें त्यांनीं चेंडू फारसा वळत नाहीं, कारण त्यांच्या मागच्या फिरकीचा जोर इतका असतो कीं आंस कलावयास मोठेंच अंतर लागतें. ड्रायव्हरनें मात्र जरा अंतर पडलें कीं चेंडू हातचा जातो. आणि हें सर्व गणित चेंडू मुखाच्या मध्याला लागला तरच खरें. ड्रायव्हरच्या टोंकाकडे लागला तर डोकें आघातानें वळतें व दांतेरी चाकाप्रमाणें चेंडूला उलटी, डावीकडची फिरकी देतें. दांड्याच्या बाजूला लागला तर उजवीकडची. म्हणून मुखावर खडूची पूड लावून चेंडू कोठें लागला हें अधूनमधून पाहत जावें. कित्येकांचा हुक हा मुळीं स्विंगचा दोष नसतो. ते चेंडूपासून चार बोटें लांब उभे असतात इतकेंच.

या विद्येची कमाल पाहावयाची असेल तर २०१२ सालच्या मास्टर्स स्पर्धेचें चित्रण पाहावें. अमेरिकेंतील ऑगस्टा येथें बबा वॉटसन व लुई ऊस्टहाइझेन यांची बरोबरी झाली होती, आणि निकालाच्या दुसऱ्या खेपेस दहाव्या भोंकावर वॉटसनचा चेंडू उजवीकडच्या झाडींत, पाइनच्या वाळलेल्या सुयांवर जाऊन पडला. समोरून हिरवळ दिसत नव्हती. झाडांत एक फट होती, ती भलत्याच दिशेला. वॉटसन डावखुरा असल्यामुळें त्याचा हुक उजवीकडे वळतो. त्यानें वेज, म्हणजे फार कललेल्या मुखाची आंखूड काठी घेतली, मुख खूप मिटवून त्या फटींतून चेंडू खालच्या पट्टींत बाहेर काढला, आणि तो हवेंत सुमारें चाळीस यार्ड उजवीकडे वळून हिरवळीवर भोंकाजवळ थांबला. ज्या काठीनें चेंडू सहसा वळत नाहीं तिनेंच हें केलें, यांत जाणत्यांना नवल वाटलें. वॉटसननें औपचारिक शिकवणी कधीं घेतली नव्हती. लहानपणीं अंगणांत प्लॅस्टिकचे पोकळ चेंडू घराभोंवतीं वळवीत तो शिकला.

असे पोकळ चेंडू आपल्याकडेहि मिळतात. ते दहा-पंधरा यार्डांतच वळून दाखवितात आणि शेजाऱ्यांची कांच फोडीत नाहींत. ज्यांना मैदान दूर आहे त्यांनीं गच्चीवर एक चटई टाकून त्यांवर सराव करावा : दहा चेंडू डावीकडे, दहा उजवीकडे, आणि मग दहा सरळ. शेवटचे दहा सर्वांत कठीण जातील.